स्टॅकचा जमाखर्च : सी भाषेतील स्थानिक स्मृतीच्या व्यवस्थेचा आढावा

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंगसारख्या गावी राहून संगणकाच्या स्मृतिव्यवस्थेविषयी लिहावे, यात आता कोणास नवल वाटण्याचे कारण उरलेले नाही. या परिसरातील मुलेमुली पुसद, शेगाव, अमरावती येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातात, तेथे आरंभीच सी भाषेशी त्यांची गाठ पडते, आणि पुढे त्यांतील कित्येकजण पुण्यातील मोटारउद्योगासाठी संगणकप्रणाली रचणाऱ्या कचेऱ्यांत रुजू होतात. शिवाय, सोयाबीन-तुरीच्या हंगामात ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर शेतकऱ्याचा माल तोलला जातो, किंवा विहिरीवरील मोटार ज्या मोबाइल स्टार्टरने घरबसल्या चालू करता येते, त्यांच्या पोटातील चिमुकल्या यंत्रणेचे प्रोग्राम बहुधा सी भाषेतच लिहिलेले असतात. तेव्हा त्या भाषेतील एक मूलभूत प्रश्न, म्हणजे फंक्शन चालू असताना त्याच्या स्थानिक चलांना जी स्मृती मिळते ती किती, किती मुदतीसाठी व कोणाच्या जबाबदारीवर मिळते हा प्रश्न, केवळ पुण्या-मुंबईचा नसून आपल्याही दारातला आहे.

प्रस्तुत लेखकाचे या बाबतीतील मत आरंभीच नमूद करणे इष्ट होईल. ही स्मृती जेथून मिळते तो स्टॅक ही मोजून दिलेली तरतूद आहे, आणि तिचा जमाखर्च प्रोग्राम चालू होण्यापूर्वी मांडता आला पाहिजे. तो जेथे मांडता येत नाही तेथे रचनाच सदोष आहे, असे समजावे. या मताच्या बाजूने व विरुद्ध जे जे सांगता येण्यासारखे आहे त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

पूर्वेतिहास

एका कार्यातून दुसऱ्या कार्यात शिरल्यावर परतीचा पत्ता कोठे जपून ठेवावा, या साध्या दिसणाऱ्या अडचणीतून स्टॅकची कल्पना जन्मास आली. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आपल्या नियोजित यंत्राचा जो अहवाल लिहिला त्यात परतीचे पत्ते एकावर एक पुरून ठेवण्याची व उलट क्रमाने उकरून काढण्याची योजना आहे. १९५७ साली जर्मनीत फ्रीड्रिश बाउअर व क्लाउस सामेलझोन यांनी याच तत्त्वावर पेटंटासाठी अर्ज केला, आणि १९६० साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी, स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन स्टॅकच्या साहाय्याने कसे चालवावे याची सुस्पष्ट मांडणी केली. त्याच १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे देशी बनावटीचे यंत्र कार्यान्वित झाले. त्याची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या परिमाणाने सुमारे दहा हजार बाइटांची होती. लिनक्सवर एका प्रोग्रामला आज सर्वसाधारणपणे ८ एमबी स्टॅक मिळतो. टिफ्रॅकची सगळी स्मृती त्याच्या आठशेव्या हिश्श्याइतकीही भरत नाही.

सी भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली आणि १९७८ च्या कर्निहॅन-रिची यांच्या ग्रंथाने ती सर्वत्र पसरली. विदर्भातील विद्यार्थ्यांच्या हाती मात्र ती प्रामुख्याने नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून आणि टर्बो सी नामक कंपायलरमधून आली. टर्बो सीमध्ये स्टॅक मुळात ४,०९६ बाइटांचा असे, तो वाढवायचा तर मुद्दाम तसे लिहून द्यावे लागे, आणि मर्यादेबाहेरचे सारणीचे माप दिले की कंपायलर स्पष्ट नकार देई. त्या काळी ही बंधने जाचक वाटत. परंतु स्मृती मोजून वापरण्याची सवय त्यांनीच लावली, हे मान्य केले पाहिजे.

याच संदर्भात परम ८००० चा उल्लेख अपरिहार्य आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली व १९९१ साली तिने हा महासंगणक सिद्ध केला. या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. आणि १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत अनसिंगही त्याच जिल्ह्यात होते. परम ८००० ज्या टी-८०० ट्रान्सप्यूटरांवर उभारला गेला, त्या प्रत्येकाच्या अंगभूत शीघ्र स्मृतीचा आकार केवळ ४ केबी होता. ट्रान्सप्यूटरची स्वतःची ऑकम ही भाषा स्मृतीच्या दृष्टीने फार काटेकोर होती: तिच्यात रिकर्शनला, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याला, मज्जाव होता व सारण्यांची मापे आधीच ठरलेली असत, त्यामुळे प्रत्येक प्रक्रियेला किती जागा लागेल याचा बिनचूक हिशेब कंपायलरच करून देई. त्याच यंत्रावर सी वापरू लागताच हा हिशेब प्रोग्रामकर्त्याच्या अंगावर आला. भाषेने जितकी मोकळीक दिली तितकी जबाबदारी माणसाकडे सरकली, हा या विषयातील पहिला धडा होय.

स्वरूप व मर्यादा

बाजारपेठेच्या गोदामात पोत्यांची थप्पी लावताना जे पोते शेवटी चढते तेच प्रथम उतरते. स्टॅकचाही क्रम तोच. फंक्शनला कॉल होताच परतीचा पत्ता, जतन करावयाची रजिस्टरे व स्थानिक चले यांचा मिळून एक खंड स्टॅकवर चढतो, ज्यास फ्रेम म्हणतात, आणि फंक्शन संपताच तो उतरतो. चढउतार म्हणजे एका रजिस्टरातील आकड्याची वजाबाकी व बेरीज एवढेच असल्याने या पद्धतीइतकी स्वस्त स्मृतिव्यवस्था दुसरी नाही. चालू वेळी स्मृती मागून घेणाऱ्या मॅलॉक या फंक्शनप्रमाणे मोकळी जागा शोधत बसावे लागत नाही, आणि परत करावयाचे विसरले म्हणून स्मृती गळतही नाही.

या स्वस्ताईची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली गोष्ट मुदतीची. फंक्शन संपले की त्याच्या स्थानिक चलांवरील हक्क संपतो, आणि तरीही त्यांचा पत्ता बाहेर पाठवला तर तो पॉइंटर दुसऱ्याच कोणाच्या जागेकडे बोट दाखवू लागतो. नवशिक्याच्या प्रोग्रामात असा पॉइंटर कित्येकदा पहिल्या चाचणीत योग्य उत्तर देतो व दुसऱ्याच एका फंक्शनला कॉल होताच बिघडतो, म्हणून ही चूक विशेष फसवी. दुसरी गोष्ट नकाराची. मॅलॉकला जागा मिळाली नाही तर तो रिकामा पॉइंटर परत करतो व प्रोग्रामकर्त्यास विचार करण्याची संधी देतो. स्टॅक मात्र कधीही “जागा नाही” असे कळवीत नाही. सीच्या अधिकृत मानकाने स्थानिक चलांची मुदत बारकाईने ठरवली, पण ती चले ठेवावी कोठे व जागा संपल्यास करावे काय, हे सर्व यंत्रावर व कार्यप्रणालीवर सोपवले आहे.

म्हणूनच मर्यादा ठिकठिकाणी निराळ्या आहेत. लिनक्सवर मुख्य प्रवाहास साधारणतः ८ एमबी, विंडोजवर १ एमबी, मॅक-ओएसवरील दुय्यम थ्रेडास ५१२ केबी, लिनक्सच्या अंतर्भागातील कर्नलला ६४ बिटांच्या सामान्य यंत्रांवर २०१४ पासून १६ केबी. हजार ओळी व हजार स्तंभांची पूर्णांकांची सारणी फंक्शनमध्ये स्थानिक म्हणून जाहीर केली, तर तिला ४० लाख बाइट लागतात. तोच प्रोग्राम महाविद्यालयातील लिनक्सवर बिनतक्रार चालतो आणि घरच्या विंडोजवर उघडताच कोसळतो, यात चमत्कार काही नाही.

काट्याचे उदाहरण

मोठ्या संगणकावर निदान कोसळणे दिसते. लहान यंत्रावर तेही दिसत नाही. समजा, एका वजनकाट्यात एटीमेगा-३२८ जातीचा मायक्रोकंट्रोलर आहे. त्याची कार्यस्मृती सारी मिळून २,०४८ बाइटांची. त्यांपैकी जागतिक चलांनी (काट्याचा शून्यबिंदू, प्रमाणांक, पडद्यावरील अक्षरे, दिवसभराच्या नोंदी यांनी) १,३०० बाइट अडवले, उरले ७४८. मुख्य फंक्शन ४० बाइट घेते, तोलण्याचे फंक्शन ३०, आणि सरासरी काढणारे फंक्शन दोन बाइटांची एक अशा १०० वाचनांची सारणी धरून २२४. या वाटेने खर्च २९४. पावती छापण्याची वाट निराळी आहे: मुख्य फंक्शनचे ४०, पावतीच्या फंक्शनचे ११०, आकडे अक्षरांत मांडणाऱ्या ग्रंथालयीन फंक्शनचे समजा १२०, एकूण २७०. या दोन वाटा एकाच वेळी जिवंत नसतात, म्हणून त्यांची बेरीज करावयाची नसून त्यांतील मोठी तेवढी धरावयाची. तिच्यावर, वाटेल त्या क्षणी येऊ शकणाऱ्या इंटरप्टासाठी ६० बाइट धरले की कमाल खर्च ३५४ होतो, आणि ३९४ बाइट शिल्लक राहतात. हा हिशेब निर्दोष आहे.

आता कोणी सद्हेतूनेच, वजन अधिक स्थिर दिसावे म्हणून, वाचनांची संख्या १०० वरून ४०० वर नेली. सरासरीच्या फंक्शनला ८२४ बाइट लागू लागले, मुख्य वाटेचा कमाल खर्च ९५४ झाला, म्हणजे तरतुदीहून २०६ अधिक. कंपायलर काहीच बोलत नाही. तो आपल्या अहवालात जागतिक चलांचा आकडा देतो व स्थानिकांसाठी किती उरले ते सांगतो, पण स्थानिकांनी किती वापरले याची चौकशी करीत नाही. या जातीच्या यंत्रात स्टॅक वरच्या टोकाकडून खाली वाढतो आणि मध्ये पहारा कोणाचाही नाही, त्यामुळे तो जागतिक चलांच्या हद्दीत शिरून तेथील मजकूर पुसत जातो. त्या हद्दीत काट्याचा प्रमाणांक असला तर काटा बंद पडत नाही, चालूच राहतो. फक्त चुकीचे वजन दाखवतो. वैध मापन शास्त्राच्या निरीक्षकाने केलेली पडताळणी प्रमाण वजने ठेवून होते. सरासरी काढतानाच्या नेमक्या क्षणी इंटरप्ट आला तर काय होईल, हे त्या पडताळणीत दिसण्याचा संभव फार थोडा. मापात पाप कोणाच्या मनात नसताना ते असे घडते, आणि वर्षभराच्या कष्टांचा मोबदला त्यावर ठरणाऱ्या माणसाला त्याचा सुगावाही लागत नाही.

या प्रसंगी उत्तम उपाय स्टॅक वाढवण्याचा नाहीच. सरासरीसाठी सारणी लागतच नाही. चार बाइटांची एक चालू बेरीज ठेवली की ४०० काय, ४,००० वाचनांचीही सरासरी निघते. मध्यस्थ मूल्यासारख्या गणितासाठी सारणी खरोखरच आवश्यक असेल, तर ती स्टॅटिक म्हणून जाहीर करावी, म्हणजे तिचा आकार कंपायलरच्या अहवालात उघडपणे येतो आणि जागा अपुरी असल्यास बांधणीच्या वेळीच नकार मिळतो. याहून जुन्या ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये, जेथे मूळ अंतर्गत स्मृतीच १२८ बाइटांची, तेथील कंपायलरांनी याच विचाराने स्थानिक चले स्टॅकवर न ठेवता कॉलांचा वृक्ष तपासून ठरीव जागांवर आलटून पालटून बसवण्याची पद्धत अवलंबली होती.

मतभेदाचे मुद्दे

तज्ज्ञांत खरा मतभेद आहे तो तीन बाबतींत. पहिली बाब, चालू वेळी आकार ठरणाऱ्या सारण्यांची. १९९९ च्या मानकाने त्यांना मान्यता दिली आणि २०११ च्या मानकाने त्या ऐच्छिक ठरवल्या. यांचे पुरस्कर्ते म्हणतात की, लहान व बदलत्या आकारासाठी मॅलॉकचा खटाटोप करण्यापेक्षा ही सोय सुटसुटीत आहे व सारण्यांचे गणित त्यामुळे वाचनीय होते. हे म्हणणे निराधार नाही. तथापि आकार जर बाहेरून आलेल्या माहितीवर अवलंबून असेल तर स्टॅकची किल्लीच परक्याच्या हाती जाते. लिनक्सच्या कर्नलमधून अशा सारण्या २०१८ साली समूळ काढून टाकण्यात आल्या. अलोका हे फंक्शन तर मानकात नाहीच, आणि त्याने घेतलेली जागा कंस संपला म्हणून सुटत नाही, फंक्शन संपेपर्यंत अडकून राहते; ते लूपमध्ये वापरले तर प्रत्येक फेरीगणिक खर्च साचत जातो.

दुसरी बाब रिकर्शनची. वृक्ष, व्याकरण, विभाजन करून सोडवायचे प्रश्न यांत रिकर्शन हीच विचाराची नैसर्गिक भाषा आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु दहा लाख दुव्यांची साखळी प्रत्येक दुव्याला एक कॉल करून ओलांडू गेल्यास, फ्रेम ४८ बाइटांची धरली तरी, चार कोटी ऐंशी लाख बाइट लागतात, आणि ८ एमबीचा स्टॅक त्याच्या पाचव्या भागातच संपतो. कंपायलर कधीकधी शेवटच्या कॉलचे लूपमध्ये रूपांतर करतो खरे, पण सी भाषा तशी हमी देत नाही. येथे मध्यम मार्ग उपलब्ध आहे. द्रुतवर्गीकरणात दोन भागांपैकी लहान भागासाठी कॉल करून मोठा भाग लूपने हाताळला, तर खोली लॉगरिदमच्या मापात राहते. दहा लाख घटकांसाठी सुमारे वीस. तेव्हा आक्षेप रिकर्शनला नसून, ज्याच्या खोलीला सिद्ध करता येण्यासारखी सीमा नाही अशा रिकर्शनला आहे.

तिसरी बाब संपूर्ण बंदीची. मोटारउद्योगातील मिस्रा नियमावली, जी पुण्यातील वाहनप्रणालींच्या कचेऱ्यांत नित्य परिचयाची आहे, रिकर्शन, चालू वेळी आकार ठरणाऱ्या सारण्या व मॅलॉक या तिन्हींना मनाई करते. काहींना ही मनाई अतिरेकी वाटते. परंतु २०१३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोयोटा मोटारीच्या अपघातावरून चाललेल्या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी जी साक्ष दिली, ती या ठिकाणी विचारात घेतली पाहिजे. इंजिनाच्या नियंत्रकात स्टॅकचा वापर ४१ टक्के असल्याचे कंपनीने सांगितले होते, पण आपल्या तपासणीत तो ९४ टक्क्यांपर्यंत जातो आणि त्यात रिकर्शनचा हिशेब धरलेलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या अपघाताचे कारण काहीही मानले तरी, एकाच प्रणालीच्या स्टॅकविषयी दोन इतके दूरचे आकडे निघू शकतात, ही वस्तुस्थितीच पुरेशी बोलकी आहे. जेथे माणसाचा जीव यंत्राच्या हवाली केला जातो, तेथे हिशेबाच्या सोयीसाठी भाषेची काही मोकळीक गहाण टाकणे हे शहाणपणाचेच लक्षण मानावे लागेल.

संरक्षण आणि तपासणी

स्टॅकवर स्थानिक सारणी व परतीचा पत्ता शेजारी शेजारी राहतात, या एका योगायोगाने गेल्या चार दशकांतील संगणकसुरक्षेचा मोठा भाग व्यापला आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस कृमीने फिंगर सेवेतील ५१२ बाइटांची सारणी ओलांडून परतीचा पत्ताच बदलला; तेथे वापरलेले गेट्स हे फंक्शन, ज्याला आपल्या सारणीचे माप सांगण्याची सोयच नव्हती, अखेर २०११ च्या मानकातून वगळले गेले. १९९८ साली स्टॅकगार्डने सारणी व परतीचा पत्ता यांच्यामध्ये एक गुप्त आकडा ठेवून फंक्शन संपताना तो शाबूत आहे का हे पाहण्याची युक्ती आणली, जी आज बहुतेक कंपायलरांत रुळलेली आहे. स्टॅक व इतर स्मृती यांच्यामध्ये मोकळे, स्पर्श होताच प्रोग्राम थांबवणारे पान ठेवण्याची पद्धतही जुनीच. परंतु मोठी स्थानिक सारणी त्या पानावरून उडी मारून पलीकडे पडू शकते, हे २०१७ साली क्वालिस या संस्थेने उघडकीस आणले, आणि पुढील वर्षी जीसीसी कंपायलरने पानापानाला स्पर्श करीत स्टॅक वाढवण्याचा पर्याय दिला. हे सर्व बंदोबस्त आवश्यक आहेत. पण ते चोर पकडणारे आहेत, घराचा हिशेब ठेवणारे नाहीत. प्रोग्राम वेळीच थांबवणे हे संगणकावर संरक्षण ठरते. धावत्या मोटारीत वा चालू काट्यात थांबणे हाच अपघात असू शकतो.

हिशेब ठेवण्याची साधने दोन प्रकारची आहेत. मोजणीच्या साधनांत सर्वांत सोपे म्हणजे आरंभी संपूर्ण स्टॅक एखाद्या ठराविक आकड्याने भरून ठेवणे आणि काही काळाने तो आकडा कोठवर टिकला ते पाहणे. फ्री-आरटीओएस ही लहान यंत्रांची कार्यप्रणाली प्रत्येक कार्याच्या स्टॅकची अशी पाणरेषा वाचून देते. या पद्धतीचा दोष उघड आहे: जी वाट चाचणीत चोखाळलीच नाही तिचा खर्च तिला दिसत नाही. विश्लेषणाची साधने उलट प्रोग्राम न चालवताच काम करतात. जीसीसी प्रत्येक फंक्शनच्या फ्रेमचे माप वेगळ्या नोंदवहीत लिहून देऊ शकतो आणि ठरवून दिलेल्या मापाहून मोठी फ्रेम आढळल्यास इशारा देतो. ती मापे कॉलांच्या वृक्षावर मांडून सर्वांत खर्चिक वाट शोधणे हे पुढचे काम. फंक्शनचे पॉइंटर व रिकर्शन आले की हा वृक्ष धूसर होतो, म्हणून तेथे प्रोग्रामकर्त्याने आपली माहिती जोडावी लागते. कंपायलरच्या अंतरंगाचे असे ज्ञान परदेशातूनच आणावे लागते असेही नाही; आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अध्ययनाचे केंद्र उभे राहिले, आणि प्रोग्राम न चालवता त्याचे गुणधर्म ठरवण्याच्या शास्त्रावर खेडकर, सन्याल व करकरे यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या विषयात प्रमाण मानला जातो.

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून जे व्यवहारास उपयोगी पडेल ते असे. ज्याचा आकार लहान व आधी ठाऊक, आणि ज्याची मुदत फंक्शनच्या मुदतीत संपणारी, तेवढेच स्टॅकवर ठेवावे. आकार मोठा पण ठरीव असेल तर स्टॅटिक स्मृती वापरावी. मात्र ती सामायिक असल्याने थ्रेड व इंटरप्ट यांच्यापासून तिचे रक्षण करावे लागते. आकार चालू वेळी ठरत असेल तर, मोठ्या संगणकावर, मॅलॉक वापरून त्याचा नकार तपासावा. रिकर्शनची खोली कागदावर सिद्ध करावी, अन्यथा लूप लिहावा. लहान यंत्रासाठी कमाल वाटेचा हिशेब मांडून त्यावर इंटरप्टाचा भार व पुरेशी शिल्लक धरावी, आणि फेरबदल कितीही किरकोळ असला तरी तो हिशेब पुन्हा मांडावा.

आपल्या महाविद्यालयांतील अध्यापनाविषयी एक आग्रहाची सूचना करणे मला कर्तव्य वाटते. रिकर्शन शिकवताना क्रमगुणिताचे उदाहरण फळ्यावर सोडवले जाते, उत्तर बरोबर आले की प्रकरण संपते, आणि त्या उत्तरासाठी किती फ्रेम चढल्या हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून वर्गातही येत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक प्रोग्रामच्या निष्पत्तीखाली त्याच्या कमाल स्टॅकखर्चाची एक ओळ लिहिणे सक्तीचे करावे. त्यासाठी नवे यंत्र, नवी इमारत वा नवा निधी लागत नाही, जीसीसी विनामूल्य आहे व त्याचा अहवाल क्षणात मिळतो. ती एक ओळ लिहिण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी लागेल, तो पुढे मोटारीचा नियंत्रक लिहो की काट्याचा, त्याच्या प्रोग्रामवर विसंबणाऱ्या अनोळखी माणसाची फसगत त्याच्या हातून होण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.